पूर्णाखोऱ्यात मशीनने पाणी पाहण्याची सेवा: कुठे पैसे वसूल, कुठे वाया

अकोट, तेल्हारा, अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव या पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या तालुक्यांत बोअर किंवा ट्यूबवेल घेण्याआधी रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा विरोध (रोधकता) मोजणारं, मशीन लावून जागा दाखवणाऱ्यांना भरपूर काम आहे. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कोणा एका माणसाचं किंवा फर्मचं नाही. पद्धत शास्त्रशुद्ध आहे आणि बोअरच्या खर्चापुढे तिचा खर्च थोडा असतो. तरीही एकाच यंत्राने, एकाच माणसाने दिलेला अंदाज एका गावात अचूक येतो आणि दहा किलोमीटरवर साफ फसतो. त्याचं कारण बहुतेक वेळा गाळाच्या तळाशी असलेल्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या, आकारात सापडतं. तो आकार विचारात घेऊन वाचलेली रीडिंग उपयोगी पडतात. एरवी ती फक्त आकडे असतात.

आधी खालची जमीन समजून घेऊ, कारण सेवेचा कस तिथेच लागतो. उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग आहे. तिच्या पायथ्याशी गाविलगडचा प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेली लांब चीर, जाते. हा भंग लाव्हारसाहून कितीतरी जुना आहे. मध्य भारताच्या प्राचीन खडकांतला हा कमकुवत पट्टा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बेसॉल्टच्या थरांखाली झाकला गेला आणि नंतर पुन्हा हलला. बहिरम ते सालबर्डी या भागात बेसॉल्टच्या खालचे लॅमेटा, गोंडवाना हे जुने गाळाचे खडक आणि सालबर्डीला तर ग्रॅनाइटी नाइससुद्धा उघडे पडलेले दिसतात, ते याच हालचालीमुळे. उत्तरेची बाजू वर राहिली, दक्षिणेची खाली गेली. खाली गेलेल्या बाजूला जो खोलगट भाग तयार झाला त्यात पूर्णेचा गाळ भरत गेला. म्हणून हे खोरं दोन्ही बाजूंनी सारखं नाही. दक्षिणेकडून, म्हणजे बार्शीटाकळी-पातूरच्या बेसॉल्टी उंचवट्यांकडून, काळा पाषाण हळूहळू उतरत गाळाखाली जातो. उत्तरेला मात्र तो पायऱ्या-पायऱ्यांनी एकदम खाली जातो. मधल्या भागात गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरच्या पुढे आहे, आणि दक्षिण कडेला ती दहा-वीस मीटरवर येते.

तळाच्या या आकाराने वरच्या गाळाचा प्रकारही ठरवला. भंगाच्या कड्यावरून उतरणारे ओढे पायथ्याशी येताच त्यांचा वेग मोडतो आणि ते दगडगोटे, भरड वाळू तिथेच टाकतात. अकोट-तेल्हाऱ्याच्या उत्तरेचा गोट्यांचा पट्टा असा तयार झाला. पाणी त्यातून झपाट्याने मुरतं, पण पातळी खूप खोल असते. पुढे, जिथे तळ सगळ्यात खोल आणि उतार जवळजवळ नाही, तिथे उरते फक्त चिकणमाती. त्यातही बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नसल्यासारखंच असतं, त्यामुळे तो कुजून मुख्यतः फुगणारी काळी चिकणमाती देतो. स्वच्छ पांढरी वाळू त्यातून फारशी मिळत नाही. मधल्या भागात वाळूचे थर पातळ, तुटक आणि जुन्या नदीपात्रांच्या रेषेत असतात.

ही जुनी पात्रं मन मानेल तशी भटकली नाहीत. गाळ भरायला सुरुवात झाली तेव्हा बेसॉल्टच्या पृष्ठभागावर आधीच दऱ्या आणि त्यांच्यामधल्या उंच धारा होत्या. पहिली वाळू दऱ्यांत बसली, धारांवर नुसती माती चढली. पुढे सगळं बुजून सपाट झालं तरी हिशेब संपला नाही. ताज्या चिकणमातीत पोकळी निम्म्याहून जास्त असते आणि वजन पडलं की ती खूप दबते. वाळू त्या मानाने कमी दबते आणि पाषाण दबतच नाही. त्यामुळे जिथे खाली दरी आणि जाड माती आहे तिथला पृष्ठभाग इतरांपेक्षा जास्त खचतो आणि पुढच्या पुरांचं पाणी पुन्हा त्याच पट्ट्याकडे वळतं. गाडलेल्या दरीच्या वर एकाखाली एक असे वाळूचे दोन-तीन थर सापडण्याची शक्यता म्हणूनच जास्त असते. पाणी पाहणाऱ्याकडून इथे घ्यायची सगळ्यात मोलाची माहिती म्हणजे ही गाडलेली दरी शेतात कुठून जाते.

आता सेवा काय देते ते पाहू. नेहमीचा प्रकार म्हणजे एका जागी केलेलं शलंबर्जर साउंडिंग. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत करंट सोडतात, आतल्या दोन सळयांमध्ये व्होल्टेज मोजतात आणि बाहेरच्या सळया टप्प्याटप्प्याने लांब नेत जातात. मधल्या बिंदूपासून बाहेरच्या सळीपर्यंतचं अंतर म्हणजे एबी/२. अंतर वाढेल तशी खालच्या थरांची खबर येते. ओहम-मीटरमधलं रीडिंग आणि एबी/२ हे दोन्ही लॉग कागदावर, म्हणजे १, १०, १०० असे पटींनी वाढणारे आकडे असलेल्या आलेखावर, मांडले की वक्र मिळतो.

या सेवेतली सगळ्यात मोठी त्रुटी इथेच आहे: केबल पुरेशी लांब टाकली जात नाही. एबी/२ बऱ्याचदा १०० मीटरवर थांबतं आणि अहवालात खोली मात्र १५० मीटरची लिहिलेली असते. वर चिकणमातीचा, करंट सहज वाहून नेणारा जाड थर असताना करंट त्यातच पसरतो. खालच्या पाषाणाची खात्रीची खबर हवी असेल तर एबी/२ अपेक्षित खोलीच्या निदान तिप्पट न्यावं लागतं. तळ १०० मीटरवर असेल तर ३०० मीटर, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ६०० मीटर सरळ रेष. शेजाऱ्याच्या शेतातून केबल न्यावी लागते, पीक उभं असेल तर अडतं, माणसं जास्त लागतात. म्हणून काम ठरवतानाच विचारा: एबी/२ कुठपर्यंत नेणार? उत्तर टाळणाऱ्याला काम देऊ नका.

दुसरी गोष्ट थोडी गणिताची आहे, पण समजून घेण्यासारखी. केबल पुरेशी लांब गेली आणि खाली घट्ट पाषाण असला की वक्राचा शेवटचा भाग ४५ अंशांत वर चढतो. त्या चढावरचा एक बिंदू घ्या. समजा एबी/२ ३०० मीटर आणि रीडिंग २४ ओहम-मीटर. ३०० भागिले २४, म्हणजे १२.५. हा आकडा वरच्या सगळ्या गाळाची जाडी भागिले त्याची सरासरी रोधकता इतका असतो. गाळ सरासरी ८ ओहम-मीटरचा धरला तर पाषाण १०० मीटरवर. ६ धरला तर ७५ वर, १० धरला तर १२५ वर. वक्र तोच, यंत्र तेच, उत्तरात ५० मीटरचा फरक. सॉफ्टवेअर यातलं कुठलंही उत्तर तितक्याच चांगल्या जुळणीसह छापून देतं. ही अडचण यंत्र महाग घेतल्याने सुटत नाही. जवळच्या एखाद्या बोअरवर, जिथे पाषाण किती फुटांवर लागला हे माहीत आहे, तिथे आधी एक साउंडिंग घेऊन गाळाचा आकडा पक्का करावा लागतो. जो सर्वेक्षक स्वतःहून म्हणतो की आधी गावातल्या माहितीच्या बोअरवर मशीन लावू, त्याची सेवा घ्यावी. दोन तास जास्त जातात आणि ते पूर्ण वसूल होतात.

वक्र तुम्ही स्वतःही तपासू शकता. थर आडवे असतील तर कुठलाही चढ ४५ अंशांपेक्षा उभा येऊच शकत नाही. आला असेल तर रीडिंग चुकलं आहे, करंट गळतो आहे किंवा खालचा पाषाण एका बाजूला एकदम वर आलेला आहे. आतल्या सळ्यांचं अंतर बदलताना एकाच एबी/२वर जुन्या आणि नव्या अंतराची दोन्ही रीडिंग घेतलेली असावीत. ती नसतील तर काम घाईत उरकलं आहे. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, सळी आणि मातीचा संपर्क तुटतो. तेव्हा सळीभोवती मिठाचं पाणी ओतणं हा कामाचा भाग आहे. लोखंडी पाइपलाइन, तारेचं कुंपण आणि चालू मोटारीच्या वायरीजवळून केबल नेली असेल तर रीडिंग धरू नयेत. ठिबकच्या प्लास्टिक नळ्यांनी काही बिघडत नाही.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथलं भूजल खारं आहे त्या भागात, आणखी एक मोठी अडचण आहे. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४७०० चौरस किलोमीटरवर, ८९४ गावांत हा पट्टा पसरलेला सांगतात. पाण्याची रोधकता त्याच्या विद्युतवाहकतेवरून काढता येते: १०,००० भागिले मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरमधला आकडा. वाहकता १००० असलेलं बरं पाणी म्हणजे १० ओहम-मीटर, ५००० असलेलं खारं पाणी म्हणजे २. वाळूत ते भरलं की थराची रोधकता पाण्याच्या साधारण पाचपट होते. म्हणजे गोड पाण्याची वाळू ५०च्या आसपास आणि खाऱ्या पाण्याची वाळू १०च्या आसपास. आणि चिकणमाती, पाणी गोड असलं तरी, ५ ते १५ दाखवते. म्हणून १० ओहम-मीटरच्या थराला कोणी ‘पाण्याची वाळू’ म्हणत असेल तर थांबा. ती माती असेल, नाहीतर खारं पाणी असेल. दोन्ही बाबतींत तिथे बोअर घेऊ नये. ४० ते ६०चा थर असेल तर गोड्या पाण्याची वाळू किंवा कुजलेला, भेगाळलेला बेसॉल्ट, कारण मुरमाड बेसॉल्टही १५ ते ४० आणि भेगाळलेला त्याहून थोडा वर दाखवतो. इथेही शेजारच्या बोअरची माहितीच निकाल लावते. पातळ थरांबद्दलचा ठोकताळा असा: थराची जाडी त्याच्या खोलीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असेल तर तो वक्रात सहसा दिसत नाही. १०० मीटरवरची पाच मीटर वाळू वरून पाहून सांगितली असेल तर ती अंदाजाने लिहिलेली आहे.

यावरून भागवार निकाल देतो.

दक्षिण कड, म्हणजे बार्शीटाकळी, पातूरकडून अकोला, मूर्तिजापूरकडे उतरणारा भाग: इथे साध्या साउंडिंगची सेवा चांगली चालते. गाळ पातळ, तळ हळूहळू उतरणारा, थर जवळपास आडवे, म्हणजे पद्धतीला जे गृहीत धरावं लागतं तसं प्रत्यक्षात असतं. इथे शोधायचं असतं ते गाळ आणि घट्ट पाषाण यांच्यामधलं कुजलेल्या बेसॉल्टचं जाड पोट. शेतात तीन साउंडिंग त्रिकोणात घेऊन प्रत्येक ठिकाणच्या पाषाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची काढली की तळ कुठल्या दिशेला उतरतो ते कळतं. नुसत्या खोलीची तुलना करू नका, जमिनीलाही उतार असतो.

मधला खारपाणपट्टा, दर्यापूर ते शेगावच्या उत्तरेचा भाग: इथे ही सेवा ‘कुठे घ्यावं’ यापेक्षा ‘घेऊ नये’ हे सांगायला जास्त उपयोगी आहे. एबी/२ २०० मीटरपर्यंत सतत ३ ते ६ ओहम-मीटर येत असेल तर बोअरचा विचार सोडून शेततळ्याचा करावा. असा स्पष्ट नकार देणारा सर्वेक्षक फी पूर्ण कमावतो. काही ठिकाणी नदी-नाल्यांच्या कडेने वरच्या वाळूत गोड पाण्याचा पातळ थर खाऱ्यावर तरंगत असतो. तो दाखवायला लहान अंतराची, दाट रीडिंग लागतात: एबी/२ दीड मीटरपासून सुरू करून ४० मीटरपर्यंत निदान दहा. अशा जागी उथळ विहीर आणि हलका उपसा चालतो. मोठी मोटार टाकली की खालचं खारं पाणी वर खेचलं जातं.

उत्तरेचा पायथा, अकोट, तेल्हारा, अचलपूरच्या वरचा भाग: एकट्या साउंडिंगवर इथे पैसे घालवू नका. पाषाण पायऱ्यांनी उतरतो, ओढ्यांनी पंख्यासारखे पसरवलेले गोट्यांचे ढीग एकमेकांवर चढलेले असतात, म्हणजे आडव्या थरांचं गृहीतकच मोडतं. केबल डोंगराच्या रेषेला समांतर टाकली तर त्रास कमी होतो, काटकोनात टाकली तर एक टोक पाषाणावर आणि दुसरं दोनशे मीटर गाळावर असू शकतं. काटकोनात दोन साउंडिंग घेऊन वक्र जुळत नसतील तर खाली पायरी आहे असं समजा. ती माहितीसुद्धा मोलाची आहे, कारण पायरीच्या खालच्या अंगाला भरड गाळ जाड असतो.

याच भागात जास्त पैसे मोजून इमेजिंगची सेवा घेणं योग्य ठरतं. एका ओळीत ४८ सळया लावतात, यंत्र आपोआप त्यांच्यातल्या शेकडो जोड्या मोजतं आणि जमिनीचा उभा छेद रंगांत मिळतो. दहा मीटर अंतराने ४८ सळया म्हणजे ४७० मीटरची ओळ. तिची खोली ओळीच्या मध्याखाली जेमतेम ८० ते ९० मीटर, टोकांकडे त्याहून बरीच कमी. याहून खोल दाखवलेला रंग सॉफ्टवेअरने भरलेला असतो. ओळ डोंगराला काटकोनात टाकायची, म्हणजे पायऱ्या कापल्या जातील. छेदात कडा नेहमी गुळगुळीत दिसते, कारण गणित तसंच बसवलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे सरळ कापलेली पायरी असू शकते. मोजलेले आणि गणिताचे आकडे जुळवताना राहिलेली चूक पाच टक्क्यांच्या आत आली म्हणून चित्र खरं असंही नाही. गोट्यांचा कोरडा पट्टा शेकडो ओहम-मीटर दाखवतो आणि घाईत पाहिलं तर तो पाषाणच वाटतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात, तापीच्या गाळातही सातपुड्याच्या पायथ्याला असाच घोटाळा होतो.

गाव म्हणून किंवा पाणीपुरवठा योजनेसाठी काम करायचं असेल तर गुरुत्वमापनाचा, म्हणजे जागोजागी गुरुत्वाकर्षणातला बारीक फरक मोजण्याचा, विचार करावा. बेसॉल्ट आणि गाळ यांच्या घनतेत दर घनसेंटीमीटरला सुमारे ०.८ ग्रॅमचा फरक धरला तर गाळाच्या दर १०० मीटर जाडीमागे गुरुत्व सुमारे ३.३ मिलिगॅलने (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचं लहान एकक) घटतं. यंत्र याच्या शंभराव्या भागापर्यंत मोजू शकतं. खारं पाणी त्याला आडवं येत नाही, हा इथला मोठा फायदा. प्रत्येक ठाण्याची उंची मात्र काटेकोर हवी. उंचीत एक मीटर चूक म्हणजे सुमारे ०.२ मिलिगॅल गेले. एका शेतकऱ्यासाठी हे काम परवडण्यासारखं नाही, दहा गावांनी मिळून करावं असं आहे.

मशीन बोलावण्याआधी फुकटातलं काम उरकून घ्या. केंद्रीय भूजल मंडळाचे जलधर नकाशांचे जिल्हा अहवाल खुले आहेत, त्यांत खोऱ्याचे छेद आणि शोधबोअरची माहिती असते. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळीही पाहावी. शेजारच्या पाच-सहा बोअरची केसिंग (भोक ढासळू नये म्हणून उतरवलेला पाइप) किती फूट गेली एवढं जरी विचारलं तरी पाषाणाचा कच्चा नकाशा तयार होतो, कारण केसिंग सहसा पाषाण लागेपर्यंतच उतरवतात.

अहवाल घेताना मूळ रीडिंगचा तक्ता, वक्र, केबलची दिशा, जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची, आणि कुठल्या बोअरशी ताळा केला ते लिहून मागा. ‘२१० फुटांवर दोन इंच पाणी’ असं लिहून देणाऱ्याचा कागद घेऊ नका. रोधकतेच्या सर्वेक्षणातून थर कळतो, इंच कळत नाहीत.

शेवटची खात्री बोअरमध्येच होते आणि इथे बरेच जण पैसे वाचवायला जाऊन बोअर घालवतात. गाळात डीटीएच रिग (हवेच्या दाबावर भोकाच्या तळाशी हातोडा चालवणारी) चालवू नका, भोक ढासळतं. ती पाषाणासाठी आहे. गाळासाठी बेंटोनाइटच्या चिखलावर चालणारी रोटरी रिग लागते. आधी लहान व्यासाचं पायलट भोक घ्या आणि दर तीन मीटरला नमुना काढा. नमुना वर यायला वेळ लागतो, म्हणून त्यावरची खोली थोडी मागची धरायची. मग केसिंग उतरवण्याआधी विद्युत लॉगिंग, म्हणजे भोकात यंत्र सोडून खोलीगणिक रोधकता मोजणं, करून घ्या. १६ इंच आणि ६४ इंच नॉर्मल लॉग वाळूचा माथा आणि तळ अर्ध्या-एक मीटरच्या अचूकतेने दाखवतात. एसपीचा, म्हणजे भोकात आपोआप तयार होणाऱ्या व्होल्टेजचा, कल वाळूसमोर उणेकडे गेला तर थरातलं पाणी चिखलातल्या पाण्यापेक्षा खारं आहे, अधिककडे गेला तर गोड. जाळीचा पाइप फक्त गोड्या वाळूसमोर बसवा, भोवती गोल खडीचा भराव द्या आणि वरच्या खाऱ्या थराच्या उंचीत पाइप आणि भोकामधली पोकळी सिमेंटने किंवा चिकणमातीच्या गोळ्यांनी बंद करा. हा बंदोबस्त राहून गेला की वर्षभरात वरचं खारं पाणी पोकळीतून खाली उतरतं आणि चांगल्या जागी घेतलेली ट्यूबवेलही खारट होते.